नवऱ्याची हवा, बायकोच्या मनगटावर

ऐकलंत का? आमच्या पीथमपुरात म्हणे पाणबुडे निघालेत!

हसू नका. धार जिल्ह्यात जहाज एकच, ते मांडवगडचं जहाज महाल. ते सुलतान गियासुद्दीनाच्या काळापासून, म्हणजे पाचशे वर्षांहून जास्त, मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये जागच्या जागी उभं आहे. मुंबईचा समुद्र इथून सहाएकशे किलोमीटरवर. आपले वाडवडील पवारांच्या नाहीतर होळकरांच्या मागून माळव्यात आले तेही घोड्यावर बसून. गलबतं-बिलबतं हे आंग्र्यांचं खातं. आणि आता त्या घोडेस्वारांची नातवंडं-पतवंडं शिफ्ट सुटल्यावर टपरीवर कट चहा घेत काय बोलतात? इन्क्रिमेंटबद्दल नाही, सेक्टर तीनच्या रस्त्याबद्दल नाही. ‘तुझा ट्रान्समीटर पेअर होतो का रे लगेच?’

मी आपली कान टवकारून. ट्रान्समीटर म्हटल्यावर मला वाटलं, प्लँटमधलं काही असेल. तर नाही! मनगटावर बांधायच्या, स्कूटीच्या किमतीच्या घड्याळाबद्दल चाललं होतं. घड्याळ म्हटलं की त्यांना राग येतो हं. ‘काकू, घड्याळ नाही, डाइव्ह कॉम्प्युटर.’ बरं बाबा, कॉम्प्युटर.

हे खूळ शिरलं तारकर्लीतून. एम.टी.डी.सी.ने तिथे स्कूबाची संस्था काढली, मालवणच्या किनाऱ्यावर घरोघरी डाइव्हिंगचे फलक लागले, आणि इंदूरहून गोव्याचं विमान पकडणाऱ्या मंडळींना सिंधुदुर्ग किल्ला वरून बघून झाल्यावर त्याच्या आसपासचं पाणी आतून बघायची हुक्की आली. पहिल्या वेळी काय, पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो, तोच तुम्हाला खाली नेतो, तोच वर आणतो. तुम्ही फक्त तोंडातली नळी सोडायची नाही आणि फोटोसाठी अंगठा दाखवायचा नाही. (अंगठा म्हणजे पाण्याखाली ‘वर चला’. आमच्या एका भाऊजींनी आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकाने त्यांना आज्ञाधारकपणे वर आणून सोडलं.) एवढ्या डाइव्हला कॉम्प्युटर लागत नाही, ट्रान्समीटर तर नाहीच नाही. तरी सांगते, पेंट शॉपच्या साहेबांनी तेवढ्यासाठीसुद्धा मनगटावर बांधून नेला होता. बाहेर आल्यावर खोली किती दाखवली? सहा मीटर. आमच्या इमारतीची पाण्याची टाकी याहून उंच आहे.

पण काही जण खरंच शिकले. ओपन वॉटरचा कोर्स केला, अठरा मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळवलं. मग मुर्डेश्वरहून नेत्राणी झालं, गोव्याचं ग्रँड आयलंड झालं, अंदमानात स्वराज द्वीप झालं. त्याचं मी कौतुकच करते. तोंडात बोटं घालायची वेळ आली ती पुढे, सामान खरेदीला लागल्यावर.

पूर्वी सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते कसं बघायचे? रेग्युलेटरचा पहिला भाग सिलिंडरच्या तोंडावर बसतो, त्याच्या हाय-प्रेशर पोर्टातून एक रबरी नळी काखेखालून पुढे यायची आणि तिच्या टोकाला काट्याचा गोल गेज. नळी ओढायची, काटा बघायचा, सोडायची. आता त्या पोर्टात अंगठ्याएवढा ट्रान्समीटर आवळायचा. तो दर काही सेकंदांनी बिनतारी आकडा सोडतो आणि मनगटावरचा कॉम्प्युटर तो उचलतो. खोली, वेळ, अंगात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब आणि उरलेली हवा, सगळं एका काचेवर. नळी नाही, लोंबकळणारं काही नाही. खालच्या प्रवाळाला काही घासत नाही, ही चांगलीच गोष्ट.

मग चर्चा कसली? सांगते, सांगते.

हा कॉम्प्युटर एकट्या तुमचीच हवा दाखवत नाही. एका मनगटावर दोन, चार, त्याहूनही जास्त ट्रान्समीटर जोडता येतात. म्हणजे जोडीदाराच्या सिलिंडरचा आकडाही तुमच्या काचेवर. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम सोय, शंकाच नाही. पण आमच्याकडे त्याचं काय झालं! तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नेत्राणीला अठरा मीटरवर शांतपणे मासे बघत होत्या आणि मनगटावर यजमानांची हवा धडाधड उतरताना बघत होत्या. स्वतः वर आल्या तेव्हा नव्वद बार दाबाची हवा शिल्लक. भाऊजी पन्नासवर येऊन आधीच खुणा करत होते. ते वर येऊन म्हणाले, ‘माझं सिलिंडर बहुतेक कमी भरलं होतं.’ वहिनींनी मनगट पुढे केलं. सुरुवातीला दोघांचे दोनशे. पूर्वी असली गोष्ट बोटीवरच्या माणसाच्या आणि समुद्राच्या पोटात राहायची. आता ब्लूटूथने ती फोनवर उतरते, तिचा आलेख होतो, दर मिनिटाला कोण किती लिटर हवा खातं ते लिहून येतं, आणि रविवारी पोहे-जलेबीच्या प्लेटी हातात घेऊन सगळी सोसायटी तो आलेख बघते. दोघं नवरा-बायको एकमेकांना पाण्यात पाहतात असं म्हणायची आता सोयच राहिली नाही, पाहतातच!

हे झालं एका घरचं. दुसरं प्रकरण याहून खमंग.

आमच्या ओळखीत एक क्वालिटीवाले आहेत. नाव नाही घेत, पण त्यांचा दरारा असा की त्यांच्या लाइनवरच्या गेजचं कॅलिब्रेशन स्टिकर एक दिवस जरी उलटलं, तरी ते गेज लाल डब्यात जाऊन पडतं. ऑडिटरच्या आधी हेच ओरडतात. या गृहस्थांनी ट्रान्समीटर घेतला, काट्याचा गेज नळीसकट काढला आणि ऑनलाइन विकून टाकला. जुन्या जमान्याची वस्तू म्हणे! त्यांना मी फक्त एवढंच विचारलं, ‘साहेब, तुमच्या ट्रान्समीटरला ड्यू डेटचं स्टिकर कुठे लावलंय?’ त्यावर ते चहा गार होतोय म्हणाले.

मेंटेनन्सचे मामा मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. मामा चौतीस वर्षं कॉम्प्रेसर आणि बॉयलरच्या सहवासात काढलेले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. प्लँटमध्ये प्रेशर ट्रान्समीटर असतो, तो कंट्रोल रूमला आकडा देतो, सगळे स्क्रीनवर बघतात. तरी बॉयलरवर काट्याचा गेज आणि त्याच्यावर लाल खूण असतेच असते. का? तर स्क्रीन काळी पडली तरी वाफेचं प्रेशर थांबत नाही. १८४९ मध्ये बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने पेटंट घेतलेली ती वाकडी नळी. आत दाब वाढला की सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. बॅटरी नाही, सिग्नल नाही, सेटिंग नाही. मामांचा सवाल: ‘जमिनीवर दोन-दोन गेज लावता, आणि जिथे श्वास घ्यायचाय तिथे एक?’

यावर तरुण मंडळी उसळली. त्यातले अर्धे टायरच्या प्रेशर सेन्सरच्या धंद्यातले. ‘मामा, आपल्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटरच्या टेस्ट ट्रॅकवर गाड्या वाऱ्यासारख्या पळतात, चाकातला सेन्सर बिनतारीच बोलतो ना?’

बोलतो, पण हवेतून! खरी गंमत इथेच आहे, आणि गंमत अशी की धंद्यातल्या माणसांनाच ती सांगावी लागली. टायरचा सेन्सर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, किंवा ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं, ती खाऱ्या पाण्यात शिरताच गिळली जाते. वीतभर पुढे जाणंही मुश्कील. पाण्यात जायचं तर फ्रिक्वेन्सी खूप खाली आणावी लागते. नौदल आपल्या पाणबुड्यांशी बोलतं तेसुद्धा असंच, तिरुनेलवेलीजवळच्या आय.एन.एस. कट्टबोम्मनच्या अवाढव्य मनोऱ्यांवरून, अतिशय कमी फ्रिक्वेन्सीवर. बरेचसे डाइव्ह ट्रान्समीटर सुमारे ३८ किलोहर्ट्झवर बोलतात. त्यांना मनोरे नाहीत, अंगठ्याएवढा देह आणि एक छोटी बॅटरी. म्हणून त्यांचा आवाज मीटर-दीड मीटरच पोचतो. ट्रान्समीटर उजव्या बाजूला आणि कॉम्प्युटर डाव्या हातात, वर हात लांब पसरलेला, की काचेवर आकड्याऐवजी रेघा. हात जवळ आणला की आकडा परत. काही कंपन्यांनी रेडिओचा नाद सोडून आवाजाच्या लहरी घेतल्या. गार्मिनने २०२० मध्ये एमके२आय हा कॉम्प्युटर आणला तो सोनारवाला; त्याचा निरोप दहा मीटरपर्यंत जातो. वहिनींचा तो. म्हणूनच तर भाऊजींची सुटका नाही.

मग ही यंत्रं बेभरवशाची आहेत का? मी कान देऊन ऐकते तेवढ्यावरून सांगते: यंत्रं चांगली आहेत, आणि रुसतात ती ओळखीच्या, अगदी घरगुती कारणांनी. बॅटरी अर्धी असताना ‘अजून एक डाइव्ह निघेल’ म्हणून तशीच ठेवायची. ती बदलायची तर इंदूरच्या जेल रोडवरून कुठल्याशा नावाची स्वस्तातली घ्यायची. झाकणाच्या रबरी ओ-रिंगवर वाळूचा कण राहू द्यायचा. ज्यांच्या हाताखाली गाडीच्या सीलमधून एक थेंब तेल गळलं तर पूर्ण बॅच परत येते, ती माणसं आपली ओ-रिंग बनियनला पुसून लावतात. मी स्वतः पाहिलंय, गॅलरीतून. कॅमेऱ्याचा फ्लॅश जवळ उडाला किंवा पाण्यातली स्कूटर शेजारून गेली की सिग्नल क्षणभर चळतो. आणि बोटीवर सिलिंडर उचलताना पोरगं हात कशाला घालतं? वर आलेल्या त्या टुमदार ट्रान्समीटरला. त्याला वाटतं मूठ आहे. त्यात त्याचा काय दोष? दिसतोच तसा. चौदा-पंधरा किलोचं ओझं त्या बिचाऱ्यावर येतं आणि पुढच्या डाइव्हला ‘सिग्नल जातोय रे’ म्हणून कंपनीला शिव्या.

सिलिंडर उघडतानाही तेच. झटक्यात उघडलं तर दोनशे बारचा दणका एकदम आत बसतो. गेज काय, ट्रान्समीटर काय, कुणालाच तो सोसवत नाही. सावकाश उघडा, हे शिकवतात सगळ्यांना. पण बोटीवर पाच जण रांगेत असले की सावकाश कोण?

आणि जोडणीचा गोंधळ! प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा क्रमांक असतो, तो कॉम्प्युटरमध्ये भरला की दोघांची सोयरीक. भाड्याच्या सामानात क्रमांकांची अदलाबदल झाली तर तुमच्या मनगटावर परक्याची हवा. ती नीट उतरतानाही दिसते, म्हणून संशय येत नाही. जुन्या प्रकारात दोन ट्रान्समीटर नेमके एकाच वेळी बोलू लागले तर दोघांचंही बोलणं वाया; म्हणून कॅनडाच्या शिअरवॉटरने वेगळ्या वेळा पाळणारे पिवळे आणि करडे असे दोन रंग काढले होते. त्यांचा पुढचा स्विफ्ट बोलण्याआधी ऐकतो, दुसरा बोलत असेल तर थांबतो. आमच्या मासिक सभेला हे तंत्र कोणी विकत देईल का?

आता मामांच्या तोफखान्याला उत्तर म्हणून मी एक हिशेब मांडला, कारण दोन्ही बाजूंनी भीतीचा धंदा जास्तच होऊ लागला होता. नेहमीचं अकरा लिटरचं सिलिंडर. माणूस वर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल तर अठरा मीटरवर, जिथे दाब २.८ बार असतो, तो घेणार ५६ लिटर. म्हणजे सिलिंडरमधले मिनिटाला पाचेक बार. आकडा एक मिनिट गायब झाला तर तुमच्या माहितीतून पाच बार गेले. तुम्ही एकशे वीसवर होता, आता एकशे पंधराच्या आसपास आहात, आणि हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही, पाढे लागतात. जोडीदाराला खूण करायची, सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, बोटीवर चढायचं. डाइव्ह वाया जातो, माणूस नाही. घाबरतो कोण? ज्याने खाली गेल्यापासून एकदाही मनात अंदाज बांधला नाही, नुसता आकडा वाचत राहिला, तो. त्याच्या हातात काट्याचा गेज दिला तरी तो तसाच वाचणार.

आणि मामा, रागवू नका, पण तुमचा काटा काही हरिश्चंद्र नाही. नळी जिथे गेजला जोडते त्या फिरत्या सांध्यातली ओ-रिंग गळते, काचेत पाणी शिरतं, खाऱ्या हवेने काटा एका जागी चिकटतो आणि तिथेच बसून तुम्हाला शंभर बार सांगत राहतो. ट्रान्समीटर निदान गप्प बसतो. अडकलेला काटा खोटं बोलतो.

हे ऐकून क्वालिटीवाले खूश झाले. म्हटलं, थांबा, तुमचाही नंबर आहे. उतरण्याआधी एक तपासणी असते ना? रेग्युलेटरमधून तीन-चार मोठे श्वास घ्यायचे आणि काट्याकडे बघायचं. सिलिंडरची चावी अर्धीच उघडली असेल तर दर श्वासाला काटा खाली डुबकी मारतो आणि परत येतो. वर ती हवा पुरते. खाली दाब वाढला की पुरत नाही, ओढून ओढून जीव मेटाकुटीला येतो. काट्याचं हे डुबकणं डोळ्यांना तत्काळ दिसतं. ट्रान्समीटर पाचेक सेकंदांनी एकदा आकडा पाठवतो. दोन आकड्यांच्या मधल्या मधे काटा असता तर डुबकून वर आलेला असता, तुमच्या काचेवर आपलं दोनशे, दोनशे, दोनशे. म्हणजे बोटीवरच चूक धरायची संधी गेली. आता या एका गोष्टीसाठी, साहेब, तो विकलेला गेज परत घ्या. वजन मूठभर, किंमत तुमच्या घड्याळाच्या पट्ट्याएवढी. ट्रान्समीटर ठेवा, मिरवा, आलेख काढा. बाजूला काटाही असू द्या. ते म्हणाले, ‘मग बिनतारी घेण्याचा फायदा काय? नळी परत आलीच की.’ मामांनी वर बघितलं आणि उपरणं झटकलं. त्या संध्याकाळी तेवढ्यावरच चर्चा थांबली.

थांबली म्हणजे दुसरीकडे वळली. कारण सुट्ट्यांचं प्रकरण अजून सांगायचंच आहे. दोन-तीन दिवस डाइव्ह केल्यावर अठरा तास तरी विमानात बसू नये असा दंडक आहे. रक्तातला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडायला बघतो. हा कॉम्प्युटर विमानाचं छोटं चित्र काढून तास मोजत बसतो. ते चित्र फोटो काढून सोमवारी सकाळी एच.आर.ला पाठवलं जातं: ‘साहेब, यायची फार इच्छा आहे, पण यंत्र सोडत नाही.’ एका खटपट्याने गाडीने येतो म्हटलं, तर त्याला दुसऱ्याने बजावलं की मालवणहून निघालं की घाट लागतो, उंची चढणं तेही लगेच बरं नाही. झालं, मंगळवारही गेला! शिवाय पीथमपूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. तीनशेच्या वरचं पाणी डाइव्हिंगच्या शास्त्रात उंचावरचं पाणी. म्हणून आता काहींचं म्हणणं, इथल्या एखाद्या तलावात सराव करू, कॉम्प्युटर उंचीचा हिशेब आपोआप धरतो. धरतो हो, पण आमच्या तलावात दिसायचं काय? हातभर अंतरावरचा हात नाही दिसत.

मोठी स्वप्नंही आहेत. निवतीजवळच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेलं आय.एन.एस. गुलदार बुडवून पर्यटनासाठी ठेवायचा महाराष्ट्राचा बेत ऐकल्यापासून यांच्या अंगात आलंय. एकाला आंग्रिया बँकेला जायचंय, कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखालचं प्रवाळांचं पठार, कान्होजींच्या घराण्याच्या नावाचं. घोडेस्वारांच्या नातवाला आंग्र्यांकडे जायला निमंत्रण लागत नाही, लागते ती रजा.

आणि ताजी बातमी ऐका, अजून कुणाला सांगू नका. वहिनींना आता जुना कॉम्प्युटर नकोसा झालाय. २०२३ मध्ये आलेला पुढचा, एमके३आय, पाण्याखालून जोडीदाराला ठरावीक निरोप पाठवू शकतो, तीसेक मीटरपर्यंत. त्या म्हणाल्या, दिवाळीला घ्यायचा. भाऊजींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, ‘घेऊ दे. पण माझा ट्रान्समीटर मी विकणार आहे. काटा बरा.’